तीन वॅट आणि जड डबे

गेल्या हिवाळ्यात रोज दुपारी पडदे ओढून मी तो जुना ॲम्प्लिफायर लावून बसायचो. काचेच्या व्हॉल्व्हमध्ये सावकाश केशरी उजेड भरत जायचा. आवाज यायला जरा वेळ लागे. तेवढ्यात मला धाकटी बहीण दिसायची: ओढणी कमरेला बांधलेली, हातात सोल्डरिंग आयर्न, ओठांत तारेचा तुकडा. हा ॲम्प्लिफायर तिनं कॉलेजात असताना बनवला. ताकद जेमतेम तीन वॅट.

तेव्हा तिला बघायला पाहुणे येणार होते. गाणी यावरच लावायची असं ठरलं आणि स्पीकर आणायचं काम मी अंगावर घेतलं. आमच्याकडे कुठलीही वस्तू हातात तोलून घ्यायची पद्धत. पितळी पातेलं असो, कुलूप असो, जड ते अस्सल. स्पीकरही मी तसेच निवडले, लहान, चारी बाजूंनी बंद, उचलताना कमरेत कळ येईल असे.

पाहुण्यांसमोर त्यांतून कसाबसा आवाज निघाला. सगळे माझ्याकडे बघू लागले, तशी मी हसून म्हणालो, "हिचं यंत्र कुजबुजतं!"

हशा झाला. लग्नही ठरलं. मेहुण्यांनी ती थट्टा वर्षानुवर्षं चालवली आणि बहिणीनं सोल्डरिंग आयर्न पुन्हा हातात धरलं नाही. यंत्र माहेरीच राहिलं. तसले जड स्पीकर थोड्या ताकदीला दाद देत नाहीत, हे मला फार उशिरा समजलं. यंत्र चांगलं होतं, माझी निवड चुकली होती. समजल्यावरही मी गप्प बसलो.

शेवटी तिला तिच्या घरून, राजेंद्र नगरहून, बोलावलं आणि जुनी इंदूर भागातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात स्पीकर बघायला नेलं.

"अम्माजी, ये वाला उठा के देखो, वजन देखो!" दुकानदार म्हणाला.

"भिया, सुनना है, तौलना थोड़ी है," ती म्हणाली.

सवयीनं माझा हात जड डब्याकडे गेलाच होता, तो मी मागे घेतला. ती एका मोठ्या, जुनाट पेटीसमोर वाकली. आतला कागदी पडदा तिनं बोटांनी हलकेच दाबला. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा तो आत गेला आणि वर आला.

"एक वॅट में कितना बोलता है?" तिनं विचारलं. दुकानदाराला सांगता येईना. मग तिनं तिथंच एका लहानशा रेडिओची तार त्या पेटीला जोडून पाहिली आणि मान डोलावली. "दादा, हीच जोडी घे."

रविवारी ती आणि मेहुणे आमच्याकडे आले. मी सारंगीची रेकॉर्ड लावली. आवाज मोठा नव्हता, पण खोलीत कुठेही बसलं तरी तो शेजारीच बसल्यासारखा वाटत होता. खिडकीच्या पडद्यातून येणारं ऊनही त्यात थोडं हलतंय असा मला भास झाला.

"क्या बात है! आज कुजबुज नाही?" मेहुणे म्हणाले. "नवीन मशीन घेतलंत की काय?"

"मशीन तेच आहे, हिचंच. त्या दिवशी चुकीचे स्पीकर मी आणले होते. माझी फजिती झाकायला मी हिच्यावर ढकललं."

मेहुणे तिच्याकडे बघत राहिले. सारंगी चालूच होती.

"मला तेव्हाच कळलं होतं, दादा," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

रेकॉर्ड संपली. मग तिनं बटण बंद केलं, व्हॉल्व्ह निवेपर्यंत शेजारी बसून राहिली, आणि यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून उचललं.

"हे मी घेऊन जाते."

"स्पीकरही ने."

"ते उद्या पाठव. वेळेवर पाठव हां."

मेहुण्यांनी पुढे होऊन तिच्यासाठी दार उघडलं.