तिसऱ्या दिवसाची लाथ

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं मागं ठेवून पाय आधी बाहेर काढणारी. आमच्या सोनपेठच्या बाजूला अशा माणसाला मोठी मागणी. कुणाच्या कंबरेत उसण भरली, वाकता येईना, की सकाळी पायाळू माणसाच्या दारात यायचं, पाठ करून उभं राहायचं आणि कंबरेवर हलकी लाथ घ्यायची. असं तीन दिवस. मी लग्न होऊन आले आणि महिन्याभरात गावाला पत्ता लागला. शाळेचे मास्तर आले, दुकानदार आले, एकदा तर खुद्द सासूबाई आल्या. भिंतीला हात टेकून म्हणाल्या, "मार, पण बेतानं मार." सासूला लाथ मारून वर आशीर्वाद घेणारी सून पंचक्रोशीत मी एकटीच, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची लय फुशारकी होती.

तीनेक वर्षांपूर्वी सोयाबीन निघालं तेव्हा आमच्या मालकांनी कंबरेत वाकून भरलं पोतं उचललं, आणि तसंच अंग पिळून ट्रॉलीत टाकायला गेले. घरी आले ते कंबर धरूनच. दवाखान्याचं नाव काढलं तर मीच म्हणाले, "औषध घरात असताना बाहेर कशाला जायचं?"

सकाळी त्यांना अंगणात उभं केलं. शेजारपाजारचे चार जण बघायला होतेच. पाय लावला आणि विचारलं, "फरक पडला का?"

"पडला की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "निम्मं गेलं." मग काय, मला चेवच आला. राहिलेलं निम्मं आज काढतेच म्हणून तिसऱ्या दिवशी लाथ जरा जोरात बसली. ते गुडघ्यांवर खाली गेले ते उठेनातच. धरून बाजेवर निजवलं. दुपारी चालायला लागले तर उजव्या पायातली चप्पल गळून पडायची. पंजा वर उचलतच नव्हता, अंगठा जमिनीला घासत होता.

धडधाकट माणूस मी अधू करून ठेवला, आता हे आयुष्यभर पाय ओढत चालणार, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

तडक जीप करून परभणी गाठली. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, मणक्यातली चकती सरकून शीर दबली आहे. ऑपरेशन लगेच नको, पण पायाची ताकद आणखी गेली किंवा लघवी अडली तर एक मिनिट थांबू नका. गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपीला पाठवलं.

तिथली पोरगी आमच्या लेकीच्या वयाची, अंगानं काडी. ही काय बरं करणार, असं माझ्या मनात आलंच. तिनं मालकांना पालथं झोपवलं, कोपरांवर छाती उचलायला लावली. "काका, पायातल्या मुंग्या खाली उतरतात की कंबरेकडं सरकतात?" कंबरेकडं सरकल्या तर व्यायाम बरोबर, खाली उतरल्या तर थांबायचं.

ते कपडे घालत होते तेव्हा मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, माझ्या लाथेनंच झालं का हे?"

तिनं उगीच दिलासा दिला नाही. "चकती बहुतेक पोतं उचलतानाच सरकली, काकू. लाथेनं किती वाढलं ते मला सांगता येणार नाही. पण दुखऱ्या कंबरेला धक्का नको होता."



मग दोन-अडीच महिने मी हवालदार झाले. सकाळ-संध्याकाळ सतरंजी टाकायची. आधी पालथं झोपणं, मग खुर्चीत बसून पंजा उचलणं, पुढं भिंतीला धरून टाचांवर उभं राहणं. उठायचं ते कुशीवर वळून. वजन उचलायचं तर गुडघ्यांत बसून, अंगाशी धरून, आणि वळायचं ते पावलं टाकून. "लय झालं गं, सोड की आता," ते कुरकुरायचे. "मुकाट्यानं करा," मी म्हणायचे. लोक लाथेसाठी येतच होते, पण मी कानाला खडा लावला होता. एक म्हातारी तर भडकलीच, "देवानं दिलेला गुण वाया घालवायलीस!" घालवते म्हटलं. पायात मुंग्या असतील तर आधी दवाखाना गाठ, असंही तिला सांगितलं.

एक दिवस सकाळी त्यांनी भिंत सोडून दोन्ही पंजे सारखे उचलले. दहापर्यंत मोजलं, तरी उजवा खाली आला नाही. मला रडूच कोसळलं. म्हटलं, "दुसऱ्या दिवशी निम्मं गेलं हुतं. तिथंच थांबले असते तर एवढं झालंच नसतं."

ते सतरंजीवर बसले. "निम्मं कुठलं? पहिल्याच दिवशी पायात कळ उतरली हुती."

"अन् तुमी बोलला न्हाईत?"

"अंगणात चार माणसं हुती. तुझ्या पायाला गुण न्हाई, हे माझ्याच तोंडून निघावं व्हय?"

"अहो, येडे का खुळे तुमी? पाय गेला असता की!"

"तुला या गावात मान हुता तो तेवढ्याचाच," ते म्हणाले.

राग लय आला होता, तरी मी त्यांच्या शेजारी बसले आणि तो उजवा पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला.