गवत्या अण्णा

माझा थोरला भाऊ कुणाच्याही शेतात गेला, की पिकाकडे बघायच्या आधी खाली बसायचा आणि हातानं पालापाचोळा बाजूला सारायचा. खाली ओल दिसली की खूश. कोरडी ढेकळं दिसली की यजमानाचा चहाही त्याला गोड लागायचा नाही. निफाडजवळच्या आमच्या गावात त्याला गवत्या अण्णा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई.

हे वेड त्याला पेठच्या डोंगरात लागलं. ऐन मे महिन्यात मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेला होता. जेवणं उरकून बाकीचे मांडवात लवंडले, हा मागच्या जंगलात शिरला. संध्याकाळी मला नाशिकला फोन.

"सुमे, वर पानांचा थर आणि खाली माती ओली! इथं ना ठिबक, ना खत. आपण बाग झाडून उघडी करतो आणि मग पाणी नाही म्हणून रडतो."

आमच्याकडे द्राक्षबाग अंगणासारखी स्वच्छ लागते. अण्णानं तणनाशक बंद केलं. छाटलेल्या काड्या बारीक करून वेलींखालीच पसरल्या. ओळींमध्ये ताग, चवळी आणि आपोआप उगवेल ते गवत. वाढलं की कापायचं, तिथंच आडवं करायचं. कुणी विचारलं की म्हणायचा, "जंगलात झाडू कोण मारतं?"

"जंगलात द्राक्षंबी लागत नाय," वहिनी म्हणायची. पहिल्या वर्षी माल कमी निघाला, तेव्हा कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

हळूहळू माती भुसभुशीत झाली. पिठ्या ढेकूण ही द्राक्षांवरची चिकट कीड. तिला खाणारे ढालकिडे गवतात राहायला आले. रविवारी मी गेले की अण्णा मला घडापाशी उभं करून ते दाखवायचा. "बघ, आपली माणसं कामावर आली." एका वर्षी अवकाळी पावसानं बुरशी आली आणि निम्मे घड गेले. मी म्हटलं, आता काय? त्यानं मुकाट्यानं फवारणी केली. "चुकलं. वेलींखाली हवा खेळायला हवी होती. तिथलं गवत बुटकं ठेवू." 'चुकलं' हा शब्द तो पाणी मागितल्यासारखा सहज म्हणायचा.

गवतात जनावर येईल, असं सगळे बजावायचे. "येईलच. उंदीर हायेत ना," तो म्हणायचा.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता, सकाळी ठिबकचा कॉक फिरवायला तो नुसत्या चपला घालून गेला आणि त्याला घोणस चावली. नाशिकच्या दवाखान्यात वहिनी आणि मी बाकावर बसून असायचो. ती डबा उघडायची, मी खायचे. भाजी कसली होती, एकदाही आठवत नाही. किडन्या गेल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मान हलवली आणि पर्समध्ये पार्किंगची पावती शोधू लागले.

दहाव्याला बायका म्हणत होत्या, गवतानं खाल्लं त्याला. मलाही तसंच वाटत होतं का, सांगता येत नाही. आत काही हलतच नव्हतं.

तेरावं झालं आणि चुलतभाऊ बापू गाडीत तणनाशकाचे डबे घालून आला.

"वहिनी, आजच सगळं जाळून टाकतो."

वहिनी ओट्यावर बसली होती.

"राहू द्या भाऊजी गाडीतच."

"आता तरी ऐका. काय राहिलंय त्या गवतात?"

"त्यांनी एवढी वर्षं घातली या मातीत. एका दिवसात नाय जाळू देणार. कॉकपर्यंत पायवाट तेवढी कापून द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, नाशिकहून मला गमबूट आणा."

दुकानदारानं माप विचारलं. मला ठाऊक नव्हतं. वहिनीला फोन करून विचारलं. नंतर काय मनात आलं कोण जाणे, मी आणखी एक जोड मागितला, माझ्या मापाचा.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी बागेत उतरलो. ती पुढे, काठी आपटत, मी मागे. तिनं कॉक फिरवला, नळ्यांमधून पाणी टपकू लागलं. इथं तरी मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. दोन्ही बाजूंनी गवत गुडघ्यांना लागत होतं आणि बूट मऊ मातीत रुतत होते.