मिस्त्रीची जीभ

त्याला सगळे चाख्या मिस्त्री म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तीस वर्षांत वाळूचा एकही ट्रक त्याने चाखल्याशिवाय उतरवून घेतला नव्हता. आधी चिमूटभर वाळू तळहातावर चोळायची. हात मळला तर त्यात माती आहे, सिमेंट नीट धरणार नाही. मग जिभेवर ठेवायची. खारट लागली तर आतल्या सळया गंजणार आणि काही वर्षांत स्लॅब फुटणार. ठेकेदाराचा कागदांपेक्षा या जिभेवर भरवसा. खुळेपणाच, पण आजवर निभावला होता.

दीड महिन्यापूर्वी ताप आला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. हे एकट्या बायकोला कळलं. भाजीत मीठ दोनदा पडलं, तरी नवऱ्याने ब्र न काढता ताट चाटूनपुसून साफ केलं. एरवी हाच गडी चिमूटभर मिठावरून घर डोक्यावर घ्यायचा.

"साइटवर सांगून टाका," ती म्हणाली.

"आणि मग? चव गेलेल्या चाख्याला कोण विचारतंय?"

आज दवाखान्याचा स्लॅब ओतायचा होता. त्याखाली बाळंतिणींची खोली होणार होती. सळया बांधून तयार, मिक्सर घरघरतोय, माणसं घमेली घेऊन उभी. वाळू नव्या पुरवठादाराची. मिस्त्रीने ती चोळली, तळहात स्वच्छ राहिला. जिभेवर ठेवली. नुसती कचकच, बाकी काही नाही.

"बोला मिस्त्री," ठेकेदार घड्याळाकडे बघत म्हणाला. "करायचं सुरू?"

याच पुरवठादाराच्या पहिल्या ट्रकला मागच्या आठवड्यात मिस्त्रीने बेधडक 'चालेल' म्हटलं होतं. त्या वाळूतून दारातले दोन खांब उभे राहिले होते. आज तोच शब्द तोंडातून निघेना.

तेवढ्यात बायको डबा घेऊन फाटकातून आत आली. तो तडक तिच्याकडे गेला आणि वाळूचा तळहात पुढे केला. "चाख."

"अहो, सगळ्यांसमोर?"

"चाख म्हणतो ना!"

तिने चाखली आणि बाजूला थुंकली. "खारट आहे. चांगलीच खारट."

कुणीतरी मिक्सर बंद केला.

"मिस्त्री, तुम्हाला नाही कळलं?" ठेकेदाराने विचारलं.

"दीड महिना झाला, मला कसलीच चव कळत नाही." त्याची मान वर होईना. शरमेने कान तापले होते.

ठेकेदार शिव्या घालेल असं त्याला वाटलं. पण तो वळून दारातल्या खांबांकडे बघू लागला. मिस्त्रीने बायकोला मनगट धरून खांबांमागे नेलं. तिथे मागच्या ट्रकची घमेलंभर वाळू उरली होती. तिने चिमूट जिभेवर ठेवली. या वेळी ती थुंकायचीही विसरली.

"ही पण?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"घण आणा रे!" तो ओरडला. कुणीच जागचं हललं नाही. मग तो स्वतःच जाऊन घण घेऊन आला. आठवड्यापूर्वी आपल्याच हाताने घोटून गुळगुळीत केलेल्या खांबावर पहिला घाव त्यानेच घातला.