झिजलेला अंगठा

घरात लोणी कढायला लागलं की मी बाहेर निघून जातो. त्या वासानं दिलीप आठवतो, बीरगावच्या लोखंडाच्या कारखान्यात काम करणारा माझा मित्र.

छातीत दुखतं म्हणून त्याला दवाखान्यात नेलं होतं. उपचाराचं सरकारी कार्ड होतं, पण मशीन त्याचा अंगठा ओळखेना. लोखंड उचलून रेषाच झिजल्या होत्या. "मग आधी पैसे भरा," काउंटरवरची बाई म्हणाली. तेवढे आम्हा दोघांकडे नव्हते.

"घरी जाऊन अंगठ्याला तूप चोळ, उद्या मशीनवर लागेल," मीच म्हणालो. तेव्हा मला ती युक्ती वाटली.

तो हसला. "काहून घाबरून राहिला बे? अंगठाच त घासला, मी नाही."

सकाळी गेलो तर अंगणात माणसं जमली होती. मी त्याचा गार हात हातात घेतला. अंगठा तेवढा मऊ झाला होता.