सहा सेकंदांची किंकाळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मला तर भाजीसुद्धा यादी केल्याशिवाय आणवत नाही, तरी हे कागदावरही कधी उतरवलं नाही. तुम्हाला सांगते. बसा जरा. वेळ लागेल — बाकी सगळ्या कामांत मी सरळ मुद्द्यावर येते, इथं मात्र पाय अडखळतो.

गावात कोणाकडं लग्न निघालं की पहिलं बोलावणं मला येतं. आचाऱ्याला काय काय लागेल, पाहुण्यांना गाद्या किती, बस किती वाजता निघेल — आणि रुसण्यासारखी माणसं कोण, त्यांची वेगळी यादी. म्हणून चार वर्षांपूर्वी सिद्धेश्वर धरणाच्या खाली, पूर्णेच्या पात्रात लढाईच्या सिनेमाचं शूटिंग आलं, तेव्हा गावातून सैनिक जमवायचं काम माझ्याकडं आलं. लढाई खरी, एकाहत्तर सालची. पहाटे नदी ओलांडून केलेला हल्ला. खरी नदी तिकडं सीमेवरची, सिनेमातलं पाणी आमचं.

सिनेमाचं नाव सांगत नाही. पण पाहिला असेल तर त्यातल्या चुकांवर तुम्ही हसला असाल. एक शिपाई पहिल्या हल्ल्यात मरतो आणि तिसऱ्या हल्ल्यात पुन्हा पळताना दिसतो — आठवतं? ती चूक माझी. खुशाल माझ्या नावावर घाला! मी यादी लग्नकार्यासारखी केली होती, घरटी एक माणूस. आता आमच्याकडच्या मेंढ्यांवाल्या घरांत भाऊभाऊ पाळीनं कळप राखतात. सकाळी थोरला लढाईवर, दुपारी तो मेंढ्यांमागं आणि धाकटा लढाईवर. घरटी एकच माणूस, माझी यादी बरोबर! वर्दी तीच, छातीवरचा नंबर तोच. फक्त त्या शिपायाला पहिल्या हल्ल्यात मरताना भरघोस मिशी आहे आणि तिसऱ्यात पळताना नाही. साहेबांनी — म्हणजे दिग्दर्शकांनी — माझ्याकडं पाहिलं, यादीकडं पाहिलं, आणि हसत हसत खुर्चीत बसले. भला माणूस.

आणि तो मेलेला शिपाई पोटरी का खाजवतो? मुंगळे होते हो तिथं. माणसानं मरून तरी किती सहन करायचं?

हे सगळं मी हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवात, कुठंही रंगवून सांगते. लोक पोट धरून हसतात. सांगताना एक चूक तेवढी गाळते. चुका इतक्या हौसेनं सांगायला लागले ती कशासाठी, असं कधी कधी मलाच वाटतं — त्या गर्दीत ही एक लपावी म्हणून तर नव्हे?

नामदेवकाका आमच्याच गावचे, निवृत्त हवालदार. त्या लढाईत स्वतः होते. दर सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा झाला की मुलांना ते पाण्याची गोष्ट सांगायचे. बूट गळ्यात बांधलेले, रायफल डोक्यावर, छातीएवढं पाणी, आणि तोंडातून आवाज काढायचा नाही असा हुकूम. मधेच काकांचा जोडीदार किसन याचा पाय सुटला. तो वाहून गेला. बुडताना ओरडला नाही. ओरडला असता तर पलीकडच्या काठावर कळलं असतं. मी शाळेत होते तेव्हापासून ही गोष्ट ऐकत आलेय.

सिनेमात मात्र त्या शिपायानं बुडताना किंकाळी फोडायची होती. काकांच्या कानावर ते गेलं तसे ते माझ्याकडं आले. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, काकांना जे चुकीचं वाटतं ते लिहून आणा, उद्या सकाळच्या आत मिळालं तर बदलता येईल. काकांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. वळणदार अक्षरात, नंबर घालून. शेवटी काकांनी बोटानं कागद ठोकला.

"बाकीचं ऱ्हाऊ दे पोरी, पर येवढं बराबर सांग त्यान्ला. किसन वरडला न्हाई. मनगट दातात धरून गेला तो."

आता येते त्या गोष्टीवर. तो बुडणारा शिपाई कोण झाला होता, सांगू? माझा नवरा.

दत्ता तसा अबोल माणूस. लग्नात फोटो काढतानासुद्धा मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड. साहेबांनी साठ जणांतून त्याला बोट दाखवून निवडलं आणि आमच्या घरात दिवाळी आली. आठ दिवस तो बंधाऱ्यावर जाऊन किंकाळीचा सराव करत होता. मेंढ्या बुजून पांगायच्या. शेजारची सखूआत्या फाटकातून ओरडायची, "सुनंदे, काहून बोंबलून राहिला गं तुझा नवरा? मारून राहिलीस का त्याला?" मी हसून हसून बेजार. वीस वर्षांत त्या माणसाचा एवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

कागद साहेबांकडं गेला असता तर ती किंकाळी गेली असती. दत्ता गपचूप बुडला असता, आणि गपचूप बुडणाऱ्याकडं कॅमेरा किती वेळ थांबणार?

मी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. दिलाच नाही. विसरले नाही — मी काही विसरत नाही. दिला नाही.

सकाळी काका काठावर आले. "दिला का गं कागद?" मी म्हणाले, "दिला की काका. साहेबांनी सगळा वाचला." एवढं सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं. काका निश्चिंत होऊन शूटिंग न बघताच घरी परतले.

सिनेमा लागला तेव्हा सगळं गाव हिंगोलीला गेलं. गाड्या, फराळ, तिकिटं — सगळं माझ्याच हातून. काका कोटावर पदकं लावून पुढं बसले होते. किंकाळी आली — सहा सेकंद, मी घड्याळ लावून मोजलेत — आणि अख्ख्या थिएटरनं शिट्ट्या मारल्या. बाहेर आल्यावर दत्तासोबत फोटो काढायला झुंबड उडाली. दत्ता पहिल्यांदा पुढच्या रांगेत होता. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "काका, तुमी तं म्हनत व्हते किसन गपचीप बुडला. हा तं केवढ्यानं बोंबलला!" सगळे हसले. मीही हसले. हो, हसले.

काका माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी रागावूनही पाहिलं नाही. हळूच म्हणाले, "साहेबानं माझा कागद वाचून बी तसंच ठिवलं, म्हंजे त्यांच्यापाशी काही पुरावा असंल. माझंच चुकलं असंल पोरी. लई वर्सं झाली. वरडलाबी असंल किसन."

त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला काका झेंड्याला आले, सलाम ठोकला आणि घरी गेले. गोष्ट सांगितली नाही. गुरुजींनी आग्रह केला तर म्हणाले, "आता न्हाई आठवत नीट." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. यंदाही तेच. गावात आता मुलं ती गोष्ट सिनेमातली सांगतात, किंकाळीसकट. आणि पंच्याहत्तरी गाठलेला माणूस अंगणात बसून आपल्या जोडीदाराचं मरण खरं कसं होतं, ते मनात पुन्हा पुन्हा तपासतो. मी दिलेल्या एका उत्तरापायी.

काकांना सगळं बरोबर आठवत होतं. साहेबांनी त्यांचा कागद कधी पाहिलाच नाही, कारण तो मी दाबला. ओरडला तो माझा नवरा होता. किसन ओरडला नव्हता.