पाटीवर काय लिहिलं होतं

आई वीटभट्टीवर विटा पाडायची. गारा तुडवायची, साच्यात भरायची, साचा उलटा करून वीट उन्हात ठेवायची. त्यावर मी शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आज सिंगापूरमध्ये हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसते, ते तिच्यामुळे.

दोन वर्षांपूर्वी ती महिनाभर माझ्याकडे सेंगकांगला राहायला आली होती. एका शनिवारी तिला ऑफिसची इमारत दाखवली आणि मागच्या टेकडीवर घेऊन गेले. तिथे इंग्रजांच्या काळातल्या एका बंगल्याची लाल विटांची भिंत जपून ठेवली आहे. खालच्या समुद्राकडे, बोटींकडे आईने पाहिलंही नाही. ती भिंतीपाशीच थांबली.

"अगं, हातानं पाडलेल्या विटा आहेत या! ही बघ, ओली असतानाच उचललीय. चार बोटं उमटलीत. बाईचीच असणार, बारीक आहेत."

त्या खळग्यांत आपली बोटं ठेवायला तिने हात पुढे केला.

"आई, हात नको लावू! पाटी आहे."

बाजूने जाणारी माणसं आमच्याकडे बघत होती. खरं सांगते, मला तिच्या मोठ्या आवाजाची लाज वाटत होती.

"काय लिहिलंय?"

"हात लावला तर दंड होतो."

तिने हात मागे घेतला. भिंतीला लागलाही नव्हता, तरी पदराला पुसला. मग हसली. "तू वाचलंस म्हणून मी वाचले, बाई."

गावी गेल्यावर तिने हे भट्टीवरच्या सगळ्या बायकांना सांगितलं. फोनवर मलाही पुन्हा पुन्हा ऐकवायची. मी हसायचे.

पाटी मी वाचलीच नव्हती. इथे इतक्या गोष्टींना दंड आहे, याला पण असेलच, असं धरून चालले होते.

यंदा ती गेली. तेरावं करून परत आले आणि पहिल्याच शनिवारी टेकडीवर गेले. पाटी वाचली. भिंत संरक्षित आहे, विटा काढू नयेत, भिंत रंगवू नये. विटा हाताने घडवलेल्या असून घडवणाऱ्यांची नावं माहीत नाहीत. एवढंच. हात लावू नका असं कुठेच नव्हतं.

ती वीट सापडली. माझ्याने हात लाववला नाही.

पुन्हा पाटीपुढे उभी राहिले. तिने विचारलं होतं, काय लिहिलंय. पहिल्या शब्दापासून, मोठ्याने, मराठीत वाचायला लागले.