आजच्या दिवसापुरतं

सत्तर सालाच्या आसपास आईच्या ऑपरेशनसाठी मी नागपूरच्या एका दवाखान्यात तीन आठवडे होतो. शेजारच्या खाटेवर कॅन्सरने खंगलेली एक बाई होती. तिचा नवरा शहरातल्या सदर भागात शिंपीकाम करायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

रोज सकाळी तो पेजेचा डबा घेऊन यायचा. बायकोचं तोंड पुसायचा, तिची वेणी घालायचा आणि मग तिचा हात धरून हलक्या आवाजात प्रार्थना करायचा. आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशीही त्याने वेणी तितक्याच सावकाश घातली.

मला राहवलं नाही. "ही बरी व्हावी, हेच मागता ना?"

"पहिले तेच मांगत होतो, भाऊ. लय भांडलो बी येशूसंगं," तो म्हणाला. "आता म्हणतो, आजचा दिवस मले हिच्याजवळ न भेता बसू दे. तेवढं तो रोज देते."

हा माणूस रोज सकाळी कंबर कसून शांत होतो, हे मला तेव्हा कळलं.

चार दिवसांनी तो तिला घेऊन घरी निघाला. दोन्ही हातांवर उचलून त्याने तिला सायकलरिक्षात बसवलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "हळू चाल गा. आमाले काही घाई नाही."